मराठवाडी बोली : नांदेड-लातूर

गोदावरी व मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांत, नांदेड व लातूर जिल्ह्यांत बोलली जाणारी मराठीची प्रादेशिक बोली. हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला. पूर्वेस तेलुगू व दक्षिणेस कन्नड असा शेजार आणि उर्दूतून चाललेला संस्थानी कारभार यांच्या सहवासात ही बोली वाढली.

उच्चार : ग्रामीण भाषकांच्या बोलण्यात ‘ण’च्या जागी बहुधा ‘न’ येतो (पानी, कोन). शब्दारंभीच्या ‘वि’चा ‘इ’ व ‘वे’चा ‘ये’ होतो : इचार, येळ. ‘नाही’चे ‘न्हाई’, ‘होय’चे ‘व्हय’ होते. ही लक्षणे इतर ग्रामीण बोलींतही आढळतात. त्यामुळे एवढ्यावरून बोलणारा इथला असल्याचे ठरत नाही.

व्याकरण : ओळख पटते ती चालू वर्तमानकाळाच्या रूपावरून. प्रमाण मराठीत ‘तू काय करतो आहेस?’ आणि वैदर्भी वळणाने ‘काय करून राहिला?’ असे विचारतात, तिथे इथे ‘काय करायलास?’ असे विचारले जाते. ‘मी जेवायलो’, ‘पाऊस पडायलाय’ ही रूपे याच धाटणीची. ‘करायला लागला’ यासारख्या रचनेचा तो संक्षेप मानता येतो. परभणी-हिंगोलीकडेही ही रूपे चालतात.

शब्दसंग्रह : ‘का’ या अर्थी ‘कामून’, शेतासाठी ‘वावर’, धान्याच्या बाजारपेठेसाठी ‘मोंढा’ हे शब्द नित्याचे आहेत. महसुली कामात ‘खासरा पाहणी’सारखे हैदराबादी काळातले शब्द टिकून आहेत. शहरांतील मुस्लिम वस्तीत दखनी बोलली जाते.

अंतर्गत भेद : देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत तेलुगूचा, तर उदगीर, देवणी, निलंगा या भागांत कन्नडचा संपर्क दाट आहे, सीमेवरच्या अनेक घरांत दोन भाषा सहज चालतात. किनवट भागात गोंडी, कोलामी व बंजारा भाषाही बोलल्या जातात.

साहित्य व अभ्यास : लातूर तालुक्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (1971) या कादंबरीत या परिसराची बोली निवेदनासाठी वापरली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले असून गावोगावच्या भाषकांचे बोलणे त्यात ध्वनिमुद्रित केले आहे.