राजपुत्राचा पुणे-मुंबई मुक्काम

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ म्हटलं की आठवतं ते त्याचं पळणं. जॉर्डन मेकनरने १९८९ च्या मूळ गेमसाठी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली. म्हणूनच राजपुत्र कड्याला लोंबकळला की आपल्या पोटात गोळा यायचा. २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये तर चुकलेली उडी खंजिराने काळ मागे फिरवून सुधारता यायची. काय आयडिया होती राव! शाळेत असताना हा गेम खेळून झाला की अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटावरूनही धावत सुटावंसं वाटायचं.

त्याचाच रिमेक युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओत होतोय, हे सप्टेंबर २०२० मध्ये कळल्यावर छाती फुगली. पण ट्रेलरमधले चेहरे मेणाचे वाटले, हे खरंच. नेटवर लोकांनी अक्षरशः धुऊन काढलं. जानेवारी २०२१ ची तारीख हुकली, मे २०२२ मध्ये काम मूळ गेमवाल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रोजेक्टच रद्द झाला.

माझ्या मते कसोटीच चुकली. या मालिकेचा जीव चेहऱ्यात कधीच नव्हता (१९८९ मध्ये चेहरा म्हणजे चार ठिपके!). तो आहे भिंतीवरून धावण्यात, उडीच्या टायमिंगमध्ये. ट्रेलर बघून निकाल देणं म्हणजे बिल्ड न चालवता स्क्रीनशॉटवरून बग टाकणं. आपल्या पोरांना ती उडी जमली होती का? तपासायला आता गेमच नाही...