ऑक्टापॅडचा वारस

२०२१ चा पावसाळा. करोनानं लागोपाठ दोन लग्नसराया खाल्ल्या होत्या. आमच्या धनजच्या स्टँडजवळच्या टपरीवर वाजवणारी पोरं रिकामी बसलेली असत. हाताला काम नसलं की माणूस उद्याच्या गोष्टी फार बोलतो. ही पोरं बोलत ती ऑक्टापॅडच्या येणाऱ्या मॉडेलबद्दल. जुनं बंद होणार, नव्याची मेमरी दसपट राहणार, किंमत लाखाच्या वर जाणार, अशा एकेक बातम्या. कुणी अमरावतीला ऐकलेलं, कुणी मुंबईच्या वादकाकडून. मी आपला चहा पीत ऐकत बसायचो. एके दिवशी त्यातल्या एकानं मलाच विचारलं, ‘‘भाऊ, नवीन मशीन आली तर चाचाचे टोन त्याच्यात जातीन काय?’’

या प्रश्नापाशी पोचायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

वरातीत, कव्वालीत, भीमगीतांच्या कार्यक्रमात, गणपतीपुढे दोन काड्यांनी एका काळ्या पाटीवर वाजवणारा वादक तुम्ही पाहिला असेल. ती पाटी म्हणजे ऑक्टापॅड. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात स्थापन केलेल्या रोलँड कंपनीनं तो १९८५ मध्ये काढला. रबराचे आठ चौकोन, म्हणून ‘ऑक्टा’. गंमत अशी, की त्या पहिल्या पाटीच्या पोटात स्वतःचा आवाज नव्हताच. १९८३ मध्ये रूढ झालेल्या ‘मिडी’ पद्धतीनं ती दुसऱ्या यंत्राला हुकूम देई आणि आवाज ते यंत्र काढी.

पुढे एसपीडी-२० आला. त्यात सातशे आवाज होते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी आणि बेंजो पार्ट्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण आवाज कंपनीनं भरलेले. आमच्या वऱ्हाडातलं डफडं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव नेलेली खंजिरी त्यात हवी असेल तर वादकानं जवळचा आवाज शोधून वेळ मारून न्यायची.

२००३ मध्ये एसपीडी-एस आला आणि ही अडचण सुटली. तो सॅम्पलर होता. सॅम्पलर म्हणजे खऱ्या आवाजाचा तुकडा टिपून ठेवणारं यंत्र. आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, ते आकडे साठवायचे आणि काडी पडली की त्याच आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘फेअरलाइट’ नावाचं असं यंत्र निघालं, तेव्हा त्याची किंमत घराएवढी होती. तीच करामत आता पाठीवरच्या पिशवीत मावू लागली. २०१२ च्या सुमारास एसपीडी-एसएक्स आला. दोन जीबी मेमरी, सहा चौकोन आणि वर तीन पट्ट्या. आठाचे नऊ झाले तरी गावात नाव ऑक्टापॅडच राहिलं.

बाहेरून आलेलं वाद्य आपण काही पहिल्यांदा आपलंसं केलं नाही. कव्वालीतला आणि वरातीतला बेंजो हा मूळचा जपानचाच. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ‘तायशोगोतो’चा तो वंशज. पेटी युरोपातून आली. तिच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही म्हणून रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनी तिला विरोध केला आणि १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दार बंद केलं. ते दार पुढे १९७०च्या दशकात किलकिलं झालं. तोवर नाट्यसंगीतात आणि कीर्तनात पेटी घरची झालेली होती.

ऑक्टापॅडवरही तोच आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. ढोलकाच्या डाव्या पुडीवर तळहात दाबून सरकवला की ‘घूं’ असा घुमारा निघतो. दर वेळी तो वेगळा. यंत्रात एकच घुमारा भरलेला असतो. काडी जोरात मारा नाहीतर हळू, तो लहानमोठा होतो, पण सरकत नाही.

पण एक फरक मोठा आहे. पेटी आली तेव्हा तिनं कुणा वादकाचा हात उचलून नेला नव्हता. सॅम्पलर नेतो.

आमच्या भागात उर्सात कव्वाली व्हायची, त्यात एक ढोलकवाले चाचा होते. दिवसा मजुरी, रात्री ढोलक. मी बीएला असताना त्यांच्यामागं बसून कितीतरी रात्री जागल्या. शब्दांचं वजन मला पुस्तकांइतकंच त्यांच्या थापेनं शिकवलं. २०१४ ची गोष्ट. मघाच्या त्या पोरानं कर्ज काढून एसएक्स घेतला आणि चाचांना घरी बोलावलं. गोधड्या लावून बंद केलेल्या खोलीत चाचांनी दुपारभर एकेक थाप दिली. ना, घे, तिट, घुमारे वेगवेगळ्या जोराचे. पोरानं ते यंत्रात भरले. चाचांनी चहा घेतला आणि ते घरी गेले. पैशांचं बोलणं निघालंच नाही. चाचांनाही ते सुचलं नाही, मलाही नाही. मी तिथंच बसलो होतो.

पुढच्या लग्नसराईत चाचांना बोलावणं आलं नाही. पार्टीत एक माणूस कमी लागला की एक वाटा वाचतो. चाचांचे टोन मात्र दर वरातीत वाजत होते. पेन ड्राइव्हवरून ते शेजारच्या तालुक्यातही गेले.

आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून कलावंताला त्याच्या सादरीकरणाचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का केला. पण गोधड्यांच्या खोलीत दिलेल्या एका थापेचा हिशेब कोण ठेवणार? त्या पोरालाही मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर यंत्राचा हप्ता होता. चाचांचं औषधपाणी त्यानं शेवटपर्यंत केलं. चाचा २०२० मध्ये गेले. त्यांच्या मुलांपैकी कुणी ढोलक धरला नाही.

म्हणून त्या दिवशी टपरीवरचा प्रश्न मला गप्प करून गेला. पोरांच्या इच्छा मी ऐकत होतो: मेमरी मोठी हवी, पडदा रंगीत हवा, अंधारात पॅड दिसायला हवेत. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, एसपीडी-एसएक्स प्रो आला आणि यातलं बरंचसं खरं झालं. मेमरी दोनाची बत्तीस जीबी झाली. आता पोरं त्याच्याही पुढच्या मॉडेलबद्दल बोलतात. यंत्राच्या वारसाची काळजी नको. ती कंपनी करते. त्या टपरीवर चाचांच्या जागी कोण बसणार, ही चर्चा मात्र मी कधी ऐकली नाही.

मी त्याला सांगितलं, ‘‘जातील. आवाजाची फाइल असते, ती यूएसबीनं निघते.’’ मग विचारलं, ‘‘टोनला नाव काय दिलंस?’’ त्यानं मोबाइलवरचा फोटो दाखवला. यंत्राच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत होतं, ‘ढोलक नवा’.

‘‘चाचाचं नाव घाल,’’ मी म्हणालो.

त्यानं ते घातलं. यंत्र नाव छोटंच मागतं, चाचांचं पूर्ण नाव त्यात बसलं नाही; जेवढं बसलं तेवढं आहे. त्यानं आणखी एक केलं. चाचांच्या घरी खुंटीला टांगलेला ढोलक मागून आणला आणि पुडी बदलून घेतली. घुमारा अजून सरकत नाही, म्हणतो. रोज संध्याकाळी बसतो मात्र.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)