रानडे, बाबा आणि ३० टक्के

न्यायमूर्ती रानडे आमच्या निफाडचे. म्हणजे जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२. बाकी आयुष्य बरंचसं कोल्हापूर, पुणे, मुंबईत गेलं. (आम्हा नाशिककरांना तेवढंही पुरतं.) शाळेत प्रार्थना समाज वगैरे पाठ केलं, पण ते हृदयविकाराने गेले हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. डिसेंबर १९०० मध्ये सामाजिक परिषदेसाठी लाहोरला जायचं होतं, तब्येतीने जाऊ दिलं नाही. लिहून पाठवलेलं भाषण गोखल्यांनी वाचलं. १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

हे सगळं शोधायचं कारण म्हणजे बाबांचा इको. हृदय फुगलंय आणि ईएफ ३० टक्के, असा रिपोर्ट आला. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. निरोगी माणसाचाही साधारण ५५ ते ७० असतो, त्यामुळे ३० म्हणजे ७० टक्के हृदय गेलं असं नव्हे.

रानड्यांचं दुखणं अंजायनाचं, म्हणजे हृदयालाच रक्त कमी पडण्याचं. त्यांचा पंप किती दमला होता, कोण जाणे. मोजायला काही नव्हतंच. इको आला १९५३ मध्ये, स्वीडनच्या एडलर आणि हर्ट्झमुळे. तोही धातूतले तडे शोधायच्या यंत्रावरून! औषधं म्हणाल तर १७८५ पासूनचं डिजिटॅलिस, १८७९ पासूनचं नायट्रोग्लिसरीन, आणि विश्रांती.

खरी उलथापालथ नंतरची. हृदय कमजोर झालं की शरीर घाबरून अॅड्रिनलिन सोडतं, नाडी पळवतं, मीठ-पाणी धरून ठेवतं. सर्व्हर स्लो झाला की सगळे क्लायंट रिट्राय मारत सुटतात आणि तो पुरता झोपतो ना, डिट्टो तसंच. ठोके मंदावणारे बीटा ब्लॉकर अशा पेशंटला द्यायचे नाहीत, असंच तेव्हा शिकवत. आधीच दमलेल्या बैलाला आणखी हळू कसं चालवणार? पण १९७५ मध्ये स्वीडनच्याच वागस्टाइन यांनी फक्त सात पेशंटना ते दिले आणि त्यांची हृदयं सुधारली. बाकीच्यांना पटायला पुढची चोवीस वर्षं गेली! १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या, मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. आज कमजोर हृदयाला चार गटांची औषधं देतात, त्यातला एक गट तर मुळात डायबेटिसचा.

गंमत अशी की बीटा ब्लॉकर सुरू केल्यावर आधी थकवा येऊ शकतो. म्हणून अगदी छोट्या डोसपासून आठवड्या-आठवड्याने वाढवतात. पहिला महिनाभर बाबा रोज म्हणायचे, "अरे, गोळ्यांनीच आजारी पडलोय मी." आई डबी समोर ठेवून उभी राहायची. असो. वर्षभराने ईएफ ५२ आला आणि बाबांनी जाहीर केलं, "आता झालो की बरा, गोळ्या बंद."

मग मी त्यांना २०१८ चा लंडनचा एक अभ्यास सांगितला. असंच फुगलेलं हृदय औषधांनी पूर्ववत झालेल्या २५ जणांची औषधं हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परत आला.

बाबा आयुष्यभर अकाउंट्समध्ये. चष्मा पुसत म्हणाले, "आणि उरलेले चौदा?"

ते चौदा कोण असतील, हे आधीच ओळखायची खात्रीची टेस्ट अजून नाही. सध्या गोळ्या चालू आहेत.