दुखण्याची बोली
रुग्णाने आपले लक्षण व त्याचे कारण सांगण्याची लोकरीत. जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या गावांत, तसे महाराष्ट्रभरच, दुखण्यागणिक शब्द बदलतो: कळ, ठणका, चमक, उसण, ताप भरण्याआधीची कणकण वेगळीच. कारणही सोबतच येते. तोंड आले की ‘उष्णता वाढली’, लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत मात्र चुकीची. कांजिण्यांच्याच विषाणूमुळे मज्जातंतूच्या वाटेने उठणारे ते पुरळ बहुधा अंगाच्या एकाच बाजूला थांबते. मनाच्या दुखण्यालाही अशीच बोली असते: कोरियात गिळलेला राग ‘ह्वाब्युंग’ म्हणजे अग्निरोग होऊन छातीत गोळ्यासारखा अडकतो. आपल्याकडे ‘जिवाला लावून घेतलं’ म्हणतात आणि बरेचदा औषध पित्ताचे मागतात.