रणांगणावरची जीप आणि सैनिकांची हौस

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास रणगाडे, विमाने आणि युद्धनौका यांच्या आधारे लिहिला जातो. प्रत्यक्ष आघाडीवरील सामान्य सैनिकाला मात्र सर्वांत जवळची वाटली ती जीप. शत्रूवर मात करण्यासाठी, थंडी-पावसापासून बचाव करण्यासाठी आणि पुष्कळदा निव्वळ गंमत म्हणून सैनिकांनी या छोट्या गाडीत असंख्य फेरफार केले. यांतील काही फेरफार वरिष्ठांच्या डोळ्यांआड झाले, काहींकडे त्यांनी कानाडोळा केला, तर काही इतके उपयुक्त ठरले की सैन्यानेच ते स्वीकारले.

कारखान्यातून निघालेली गाडी

अमेरिकी सैन्याने जुलै १९४० मध्ये हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ उत्पादकांकडे विचारणा केली. ठरलेल्या मुदतीत नमुना देण्याची तयारी दाखवली ती पेनसिल्व्हेनियातील बॅन्टम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर दाखल झाली. पुढे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे काम मात्र विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या बड्या कंपन्यांकडे गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या होत्या.

सुमारे अकरा फूट लांबीची, एक टनाच्या आसपास वजनाची आणि ६० अश्वशक्तीच्या इंजिनाची ही गाडी चारही चाकांना गती देत असे. तिला दारे नव्हती, पक्के छप्पर नव्हते, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येत असे. सरळ पत्रे, साधे नटबोल्ट आणि परस्परांना बसणारे सुटे भाग यांमुळे ती उघडणे आणि पुन्हा जोडणे सोपे होते. शेतावरचा ट्रॅक्टर किंवा घरची जुनी मोटार दुरुस्त करण्याची सवय असलेल्या तरुणांच्या हाती अशी गाडी पडल्यावर ती मूळ रूपात राहणे अवघडच होते.

नाव, रंग आणि कुलूप

सर्वांत साधा फेरफार रंगाचा. पत्नीचे किंवा प्रेयसीचे नाव, आपले गाव, एखादा चावट शब्द किंवा व्यंगचित्र काचेखालच्या पत्र्यावर रंगवले जाई. एकसारख्या हिरवट रंगाच्या हजारो गाड्यांत आपली गाडी ओळखता यावी, हा त्यामागचा व्यवहार. पण क्रमांक लावून पाठवलेल्या यंत्राला नाव देऊन आपलेसे करणे, हा त्याहून मोठा हेतू. गाडीवरील ही माया बिल मॉल्डिन या सैनिक-व्यंगचित्रकाराने अचूक टिपली. मोडलेल्या जीपवर पिस्तूल रोखून, दुसऱ्या हाताने डोळे झाकून घेणारा घोडदळातील जुना सार्जंट त्याने रेखाटला. जखमी घोड्याला यातनामुक्त करण्याची जुनी रीत यंत्राला लावणारे हे चित्र अजरामर झाले.

जीप चोरीला जाण्याचे प्रमाणही मोठे होते. सुरुवातीच्या गाड्यांना किल्ली होती. पण किल्ल्या हरवू लागल्याने पुढे साधा फिरवण्याचा खटका बसवण्यात आला. साहजिकच कोणालाही गाडी सुरू करून नेता येई. मग कोणी सुकाणूचक्राला साखळी बांधून कुलूप घाली, तर कोणी डिस्ट्रिब्यूटरमधील छोटा रोटर काढून खिशात ठेवी. दुसऱ्या तुकडीची ‘सापडलेली’ जीप नवा रंग आणि नवा क्रमांक घेऊन आपल्या तुकडीत रुजू होणे, हाही फेरफाराचाच एक प्रकार होता.

गमतीपासून गरजेपर्यंत

१९४४-४५ च्या युरोपातील कडाक्याच्या हिवाळ्यात उघडी जीप चालवणे ही शिक्षाच होती. सैनिकांनी मिळेल ते लाकूड, पडलेल्या विमानांचे पत्रे आणि पारदर्शक प्लास्टिक वापरून गाड्यांवर बंदिस्त कोठड्या उभारल्या. बर्फात गाडी दिसू नये म्हणून पांढरा रंग किंवा चुना फासला गेला. सुरुंगाच्या भीतीने पायांखाली वाळूच्या पिशव्या अंथरल्या गेल्या. काही तुकड्यांनी पुढच्या बाजूस जाड पोलादी पत्रे बसवून जीपला चिलखतच चढवले. अर्थात प्रत्येक वाढीव वजनाची किंमत स्प्रिंग आणि अॅक्सल यांना मोजावी लागे. सोय आणि गाडीचे आयुष्य यांच्यातील हा हिशेब सैनिकांनाच जमवावा लागत होता.

या फेरफारांपैकी सर्वांत मोलाचा ठरला तो बंपरवर उभा केलेला लोखंडी दांडा. काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश शत्रूला दिसू नये म्हणून आघाडीवर काच आडवी पाडून गाडी चालवली जाई. नेमका याचा फायदा घेऊन रस्त्यावर मानेच्या उंचीवर आडवी तार ताणली जाऊ लागली. वेगाने येणाऱ्या चालकाचा त्यात मृत्यू ओढवे. यावर उपाय म्हणून कोनपट्टीचा उंच दांडा बंपरला वितळजोड देऊन बसवण्यात आला. त्याच्या वरच्या टोकाला पुढे झुकलेली खाच असे. तार त्यात अडकून तुटे. पाहता पाहता इटली आणि फ्रान्समधील असंख्य जीपवर हा दांडा दिसू लागला.

वाळवंट आणि रूळ

उत्तर आफ्रिकेत डेव्हिड स्टर्लिंग यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश एसएएस पथकाने १९४२ मध्ये जीपचे रूपच पालटले. विमानांसाठी बनवलेल्या व्हिकर्स के मशीनगन जोडीने बसवल्या गेल्या. इंजिनाला अधिक हवा मिळावी म्हणून समोरच्या जाळीचे गज कापले गेले आणि रेडिएटरमधील वाफ पुन्हा पाणी होऊन परतावी यासाठी पुढे एक डबा जोडला गेला. जुलै १९४२ च्या अखेरीस सिदी हनेश येथील धावपट्टीवर १८ जीपनी रात्रीच्या अंधारात केलेल्या हल्ल्यात जर्मनांची अनेक विमाने जमिनीवरच नष्ट झाली.

ब्रह्मदेशात वेगळीच अडचण होती. रूळ होते, पण इंजिने नष्ट झालेली. १९४४ मध्ये मोगाँगपासून दक्षिणेकडे सरकणाऱ्या ब्रिटिश ३६ व्या डिव्हिजनसाठी जीपना रेल्वेची चाके बसवून त्यांच्याकरवी डबे ओढून घेण्यात आले. रस्त्यावरची गाडी अशा रीतीने आगगाडीचे इंजिन झाली.

युद्धानंतर

युद्ध संपल्यावरही ही हौस संपली नाही. फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीप स्थानिक कारागिरांनी लांब केल्या, त्यांवर छप्पर चढवले, समोरासमोर बाके बसवली आणि भडक रंगांनी सजवल्या. ‘जीपनी’ हे मनिलाचे लोकप्रिय प्रवासी वाहन असे जन्मास आले. भारतात महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. महायुद्धकालीन बसकी जीप ‘लो बॉनेट’ आणि नंतरची उंच तोंडाची ‘हाय बॉनेट’ ही नावे येथील गॅरेजांत रुळली.

आज जगभरातील संग्राहक जुन्या जीप कारखान्यातून निघाल्या तशा, अचूक नटबोल्टांसह उभ्या करण्यासाठी परिश्रम घेतात. युद्धातील छायाचित्रे मात्र निराळीच साक्ष देतात. आघाडीवर काही महिने काढलेली जीप क्वचितच मूळ रूपात राहिली असेल. तिच्यावर कोणाचे तरी नाव होते, कोठले तरी ठिगळ होते आणि बंपरवर चालकाचा जीव राखणारा एक ओबडधोबड दांडा होता.