अफगाण चर्च, मुंबई

मुंबईच्या कुलाबा भागातील एक स्मारक-चर्च. ‘चर्च ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ हे त्याचे अधिकृत नाव. पहिले इंग्रज-अफगाण युद्ध (१८३८–४२) व सिंधची मोहीम यांत मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधण्यात आले. ४ डिसेंबर १८४७ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली व ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी त्याचे पवित्रीकरण केले. समुद्रातील जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडेल असा उंच मनोरा असावा, या अटीवर सरकारने जागा दिली होती. सु. ६० मी. उंचीचा हा मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला.

वास्तूचा आराखडा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याचा असून विहार तलावाची योजनाही त्याचीच. मुंबईतील गॉथिक पुनरुज्जीवन शैलीच्या आरंभीच्या वास्तूंत हिची गणना होते. अंतर्भागातील फरश्या, आसने, जाळीकाम इत्यादींची रचना इंग्लंडमधील विल्यम बटरफील्डची, तर चित्रकाचा विल्यम वेल्सच्या. टोकदार कमानींखालील मंद उजेड, त्यात मिसळणारे काचांचे रंग व फिकट दगड यांमुळे हा अंतर्भाग जलरंगाच्या पारदर्शक थरांना विशेष मानवणारा आहे. चर्चमधील स्मारके हा इंग्लिश जलरंगचित्रकारांचा जुना, आवडता विषय. टर्नरने तर वेस्टमिन्स्टर ॲबीच्या १७९६ च्या चित्रात एका थडग्याच्या शिळेवर स्वतःचेच नाव व जन्मवर्ष घातले.

कुलाब्याच्या शिळांवरील नावांची कथा निराळी आहे. वेदिकेलगतच्या भिंतींवर फक्त अधिकाऱ्यांची नावे कोरलेली असून, इतर सैनिक संख्येने फार असल्याने त्यांची नावे देता येत नाहीत, असे स्मारकलेखातच नमूद आहे. लढाईइतकाच रोगराईचाही उल्लेख त्यात आहे, हे प्रांजळपणाचे म्हणावे लागेल. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सु. ४,५०० सैनिक व सु. १२,००० बाजारबुणगे निघाले. त्या सैनिकांत बहुसंख्य हिंदी शिपाई होते. थोडे कैदेत वाचले, काही पुढे परतले. बाकीचे थंडीने व हल्ल्यांनी खिंडींत संपले. ते सैन्य मुख्यतः बंगालचे होते. मुंबईच्या पलटणी सिंध, कलात, कंदाहार या बाजूंस लढल्या. त्यांतील शिपायांची नावेही या भिंतींवर नाहीत.