पट्ट्याची सुरी (शिकारी)
कमरेच्या पट्ट्याला म्यानात अडकवून नेण्याची, अचल पात्याची लहान सुरी. शिकारीचे कातडे सोलणे, मांस कापणे व दोर तोडणे ही तिची मूळ कामे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. त्यामुळे आज तिचा उपयोग शेतात व भटकंतीत होतो.

रचना : पाते साधारण ७ ते १० सेंमी. लांब व पाठीशी ३ ते ४ मिमी. जाड असते. सोलण्यासाठी पोटाकडे बाक दिलेली धार सोयीची. टोक फार निमुळते असल्यास कातडे फाटते. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असल्यास मूठ सहसा निखळत नाही. विदर्भासह अनेक भागांतील लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांपासून पाती घडवतात.

परीक्षण : तापवलेले पाते तेलात बुडवून पाणी देतात आणि मंद आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. कानस धारेवरून घसरली, तर पाते पुरेसे कडक झाले असे समजावे. ती रुतली, तर पाणी कच्चे. धार दिव्यासमोर धरल्यास बोथट जागा चकाकते. ओल्या हातातही मूठ फिरता कामा नये. म्यान उलटे केल्यावर सुरी गळून पडू नये.

कायदा : शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात; घरगुती व शेतीकामाच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत.